ज्याला सवड, त्याची भाजी

वर्सोव्यातल्या गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभांमध्ये आजवर न निघालेला एखादा विषय शोधायचा झाला, तर तो हरणांचा. गळती निघते, पार्किंग निघतं, लिफ्टमध्ये कुणाच्या कुत्र्याने काय केलं हे तर दर वर्षी निघतं. पण ‘चितळांनी गच्चीवरची वांगी खाल्ली, समितीने खुलासा करावा’ असं कुणी उभं राहून म्हटल्याचं ऐकिवात नाही. हरणांपासून बाग राखायची कशी, यावर जगभर खल चाललेला असताना वर्सोव्याने हा प्रश्न ठराव न मांडताच निकालात काढलाय आणि त्याचं श्रेय घ्यायलाही कुणी पुढे आलेलं नाही. परदेशातले जाणकार हरणासाठी आठ फूट उंच कुंपण घाला म्हणतात. वर्सोव्यातली मिरची पाचव्या मजल्यावर, बॉक्स ग्रिलच्या आत, नायलॉनच्या जाळीमागे वाढते. खाली वॉचमन, आणि वहीत नाव लिहिल्याशिवाय आत पाऊल नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या एखाद्या चितळाने मनावर घेतलंच, तर त्याला बोरिवलीला लोकल पकडायची, अंधेरीला उतरायचं आणि मेट्रोने वर्सोवा गाठायचं, एवढा व्याप आहे. शिंगांसकट बोरिवलीला चढून अंधेरीला उतरू शकणारं जनावर निसर्गाने अजून घडवलेलं नाही.

आणि तरीही पाचव्या मजल्यावरची ती मिरची लावणाऱ्याच्या तोंडी लागत नाही, इथेच विचाराला सुरुवात होते. कोथिंबिरीच्या ट्रेमध्ये कबुतर असं ऐसपैस बसतं, की जणू ट्रे त्याच्या बाळंतपणासाठीच आणला होता. टोमॅटो लाल व्हायच्या आदल्या दिवशी खार त्याची चव घेते आणि नापसंत पडल्यासारखा अर्धा ठेवून जाते. तळमजल्यावाल्यांच्या अळूखाली घूस बोगदे खणते. (हिंदीत घूस म्हणजे लाच. दोन्ही घुशी जमिनीखालूनच काम करतात, त्यामुळे मुंबईकराचा शब्दार्थाचा घोटाळा झाला तरी आशयाचा होत नाही.) पावसाळ्यात मुठीएवढ्या आफ्रिकन गोगलगायी निघतात आणि ज्या गतीची आपण पिढ्यान्‌पिढ्या टिंगल केली, त्या गतीने रात्रीत वाफा साफ करतात. म्हणजे हरीण नसलं तरी हरणाची जागा रिकामी राहिलेली नाही. यावरून माझा निष्कर्ष असा, की भाजी ज्याने लावली त्याची नसते, पाणी घालणाऱ्याची नसते, खत-माती विकत आणणाऱ्याची तर नसतेच. ज्याला सवड जास्त, भाजी त्याची. जनावर हाकलण्याचा प्रत्येक उपाय म्हणजे आपल्याकडे नसलेली सवड कुठल्या तरी वस्तूकडून उसनी घेण्याची खटपट असते, आणि ती वस्तू फार दिवस उसनवारी करू देत नाही.

हरीण या बाबतीत किती पुढे गेलेलं आहे, ते त्याच्या पोटात डोकावल्याशिवाय कळत नाही. चितळ, सांबर, भेकर ही खरी हरणं. काळवीट आणि चिंकारा शास्त्राच्या हिशेबाने कुरंग. त्यांची शिंगं दर वर्षी गळत नाहीत, पण हरभरा खाताना हा फरक दिसत नाही. सगळी मंडळी रवंथ करणारी. म्हणजे काय, तर उघड्यावर भराभर ओरबाडायचं, न चावता पोटाच्या पहिल्या कप्प्यात कोंबायचं आणि मग आडोशाला बसून, पाय दुमडून, डोळे अर्धे मिटून निवांत चघळायचं. गुन्हा घाईत आणि उपभोग सावकाश, अशी ही व्यवस्था. मुद्देमाल पोटात घेऊन पळायची सोय निसर्गाने ज्याला करून दिली, त्याच्याशी कचेरीतून सात वाजता सुटणारा माणूस स्पर्धा कशी करणार? चोर कोण होता हेही नंतर ओळखता येतं. हरणाच्या वरच्या जबड्याला पुढचे दात नसतात, त्यामुळे ते पान तोडत नाही, ओढून फाडतं. देठाच्या टोकाला दशा सुटलेल्या दिसल्या तर हरीण, आणि कात्रीने कापल्यासारखा तिरपा, स्वच्छ काप दिसला तर ससा. एवढा पुरावा हाती येऊनही उपयोग शून्य. कारण तो पाहायला आपण सकाळी जातो आणि तोवर आरोपी रवंथीला लागलेला असतो.

यावर पहिला आक्षेप साहित्यप्रेमींचा येईल, की हरणासारख्या निरागस जिवाबद्दल हे काय बोलणं! पण हरणाची बदनामी करता येत नाही, यालाही साहित्यच कारणीभूत आहे. कालिदासाच्या शकुंतलेने मुठीमुठीने सावा भरवून वाढवलेलं पाडस निरोपाच्या वेळी तिचं वस्त्र ओढतं आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. कण्वाश्रमातल्या भाजीची त्या पाडसाच्या भावंडांनी काय गत केली, हे विचारायचं भान मग कुणाला राहणार? महाराष्ट्रातलं जुन्यात जुनं उदाहरण नाशिकचं. पंचवटीत झोपडीच्या अंगणापर्यंत हरीण आलं, ते हाकलण्याऐवजी हवंसं वाटलं, आणि पुढे लंकेपर्यंत प्रकरण वाढलं. लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या मूळ कथेत नाही, ती मागाहून आलेली. पण आली तीसुद्धा सीतेने बाहेर जाऊ नये म्हणून. हरणाने आत येऊ नये यासाठी रेघ ओढावी, हे तेव्हाही कुणाला सुचलं नाही.

संस्कृत कवींत शेताकडे डोळे उघडून पाहिलं ते माघाने. ‘शिशुपालवधा’च्या बाराव्या सर्गात श्रीकृष्ण द्वारकेहून इंद्रप्रस्थाला निघालाय. वाटेत त्याला भात राखणाऱ्या बायका दिसतात. त्या एका बाजूचे पोपट उडवायला धावतात, तेवढ्यात दुसऱ्या बाजूने हरणं शिरतात. बायकांची ही तारांबळ बघून भगवंत हसतो. भारवीने त्याआधी ‘किरातार्जुनीया’च्या चौथ्या सर्गात उपाय सांगून ठेवला होता : राखणाऱ्या बायका असं गोड गातात, की हरिणींचा कळप भूक विसरून ऐकतच राहतो आणि पिकाकडे फिरकत नाही. दोघांत खरं कोण? माझं मत माघाला. पण भारवीचं चुकलंय असंही नाही. हरीण गाण्याने थांबो न थांबो, गाणारी बाई शेतात बसलेली आहे, हा त्यातला कामाचा भाग. गाणं बाजूला काढलं तरी बाई उरते आणि शेत वाचतं. बाई काढून नुसतं गाणं ठेवलं, की काय होतं ते आता महाराष्ट्रातल्या कुठल्याही शिवारात ऐकायला मिळतं. तिथे बांधावर भोंगा लावलेला असतो आणि त्यातून रात्रभर कुत्र्यांचं भुंकणं, माणसाच्या आरोळ्या, मधूनच वाघाची डरकाळी. पहिल्या रात्री कळप पळतो. चौथ्या-पाचव्या रात्री कान हलवतो. पुढच्या आठवड्यात वाघाच्या डरकाळीवर तूर खातो, आणि झोपमोड होते ती शेजारच्या वस्तीची.

शेतकऱ्याची चेष्टा करायचा यात हेतू नाही, कारण नुकसान त्याचं खरं आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य १९८० साली झालं. क्षेत्र जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर. एवढ्या अंगणात काळविटांनी मावावं आणि पलीकडच्या ज्वारीकडे बघू नये, अशी अपेक्षा फक्त नकाशा काढणाराच करू शकतो. सोलापूरकडे नान्नजला, येवल्याच्या बाजूला ममदापूरला काळवीट आहेत, विदर्भात त्यांच्या जोडीला रोही आणि रानडुकरं. १९७२च्या वन्यजीव कायद्याने काळविटाला सर्वांत वरच्या अनुसूचीत संरक्षण दिलं, ते योग्यच. पण ज्वारी कुठल्याच अनुसूचीत नाही. तेव्हा शेतकरी सुचेल ते करतो. बांधाभोवती जुन्या साड्या बांधतो; लांबून पाहिलं तर गावातल्या सगळ्या लग्नांचे आहेर शिवारात वाळत घातल्यासारखे वाटतात. हरणाला तांबडा आणि हिरवा रंग नीटसा वेगळा दिसत नाही, त्यामुळे साडी कुठली याला महत्त्व नाही, ती फडफडली पाहिजे. मग कॅसेटची फीत ताणून वाऱ्यावर घुमवतात, बाटल्या टांगतात, न्हाव्याकडचे केस विखुरतात, सडक्या अंड्यांचं पाणी फवारतात, सौर झटका यंत्र बसवतात. आणि बुजगावणं तर आहेच : डोक्याच्या जागी मडकं, अंगात मालकाचाच टाकलेला सदरा. मालकाला वेळ नाही म्हणून त्याचा सदरा उभा आहे, हे हरणाला दोन दिवसांत उमगतं. एवढं सगळं करूनही विदर्भात विचारा, पीक कशाने वाचतं? उत्तर एकाच शब्दाचं येतं : जागल. मचाणावर रात्र काढायची, बॅटरी फिरवायची, डबा बडवायचा, खाकरायचं. बाकी सगळी उपकरणं म्हणजे जागलीला न जाण्याची निमित्तं. तरी ती लागतात, कारण माणसाने रात्रभर जागून दिवसभर नांगर धरावा असं सांगायला आपलं काय जातं?

आता पैसा असला की सवड विकत मिळते, असा आक्षेप निघेल. त्याचा निकाल अमेरिकेत लागलेला आहे. तिथे १९००च्या आसपास पांढऱ्या शेपटीची हरणं शिकारीमुळे सुमारे पाच लाखांवर आली होती, ती आता अंदाजे तीन कोटींच्या घरात आहेत. जंगल तोडून गवत लावलं, गवताभोवती गुलाब लावले, लांडगे घालवले आणि बंदूक चालवायला वस्तीत बंदी. हरणाने याला आमंत्रण समजू नये तर काय समजावं? न्यू जर्सीतल्या मराठी घरांच्या परसात भोपळ्याचा वेल, मेथीचा वाफा आणि हिवाळ्यात घरात घ्यायच्या कुंडीतला कढीपत्ता असा संसार असतो. त्याच्या रक्षणासाठी बाजारात काय नाही? उग्र वासाचा साबण झाडाला टांगतात. हालचाल दिसताच पाणी उडवणारे फवारे आहेत. आणि कळस म्हणजे कोयोट नावाच्या कोल्ह्याच्या भाऊबंदाचं मूत्र चक्क बाटलीत भरून विकतात. ज्या देशात पाहुण्याने चप्पल कुठे काढावी याचा एवढा संकोच, तिथे मेथीभोवती मोजून मूत्र शिंपडायचं आणि पावसाने धुऊन गेलं की पुन्हा शिंपडायचं. सडक्या अंड्याच्या वासाची औषधं या सगळ्यांत बरी ठरतात. पण तीही दर काही आठवड्यांनी मारावी लागतात आणि हिवाळ्यात उपाशी हरीण वासाबिसाचा विचार करत नाही. म्हणजे पैसे भरून सवड मिळाली नाही, सवड काढायचं एक नवं काम मात्र मागे लागलं.

कुंपणाचं काय? हा आक्षेप सर्वांत दमदार आणि तो मी अर्धा मान्य करतो. आठ फुटी जाळी खरंच थोपवते. त्याहून स्वस्त युक्ती म्हणजे चार-पाच फुटांचीच दोन कुंपणं, मध्ये तेवढंच अंतर सोडून. हरणाला उंच उडी येते, लांब उडी येते, पण दोन्ही एका वेळी जमेल का आणि मधल्या बोळात उतरून पुढे कसं निघायचं, याचा अंदाज येत नाही, म्हणून ते बाहेरच उभं राहतं. मुंबईकराला हे पटकन पटावं. दुहेरी पार्किंगच्या गल्लीत शिरण्याआधी तोही असाच थबकतो. पण कुंपण म्हणजे काय, तर कुणी तरी एकदा भरपूर सवड काढून केलेली आणि साठवून ठेवलेली राखण. ती झिजते. पावसाने खांब कलतो, तार सैल पडते, आणि फाटक शेवटी माणूसच लावतो. आठ फुटी कुंपणाचं फाटक दुधाची पिशवी घ्यायला गेलेल्या माणसाने पाच मिनिटं उघडं ठेवलं, की कुंपणाची उंची शून्य. उरला सल्ला हरणाला न आवडणारी झाडं लावायचा : पुदिना, लसूण, कांदा, ओवा. सल्ला चोख आहे. तो पाळला की हरीण येत नाही आणि बागेत चटणीपलीकडे काही उरत नाही. शिवाय हरणाच्या आवडीनिवडी विचारून पेरणी करायची, तर बाग कुणाची म्हणायची?

‘ती आपल्याआधीची आहेत, खाऊ द्या’ असं म्हणणारा एक उदार वर्गही असतो आणि तो बहुधा भाजी ॲपवरून मागवतो. या वर्गाला न्यग्रोधमृगाची जातककथा सांगितली पाहिजे. वाराणसीच्या राजाने हरणांच्या राजाची करुणा पाहून सगळ्या हरणांना अभय दिलं, इथपर्यंत कथा सगळ्यांना ठाऊक असते. पुढचं कुणी सांगत नाही. अभय मिळाल्यावर हरणांनी पिकं फस्त करायला सुरुवात केली. मारता येईना म्हणून लोक राजाकडे गेले. राजा म्हणाला, वचन दिलंय, राज्य सोडीन पण ते मोडणार नाही. हे उत्तर कुठल्याही खात्याच्या फायलीत आजही शोभेल. शेवटी तोड काढली ती हरणांच्या राजानेच. त्याने कळपाला बजावलं, पिकाला तोंड लावायचं नाही. आणि शेतकऱ्यांना कळवलं, कुंपण घालू नका, बांधाला पानांची खूण बांधा, आमची मंडळी खूण ओळखतील. पानाच्या दोरीवर हरीण थांबलं! माझ्या माहितीतला हा एकमेव यशस्वी तोडगा. फक्त त्यासाठी समोरच्या बाजूचा अध्यक्ष बोधिसत्त्व असावा लागतो. संस्थांच्या निवडणुकांत असा उमेदवार अर्ज भरत नाही आणि कबुतरांच्या बाजूला अध्यक्षच नाही, त्यामुळे बोलणी करायची कुणाशी हाच पेच. २०२५च्या पावसाळ्यात कबुतरखान्यांवरून मुंबई पेटली, दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री घातली गेली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. त्या सगळ्या काळात कबुतरं कठड्यावर बसून शांतपणे घुमत होती. त्यांना तारीख नव्हती, वकील नव्हता, घाई तर नव्हतीच.

वर्सोव्यात राखण जमलेली एकच जागा आहे आणि ती कुठल्याही टॉवरमध्ये नाही. कोळीवाड्यात किनाऱ्याला वलांडी उभ्या असतात. बांबू रोवून त्यांच्यात आडव्या दोऱ्या ताणलेल्या आणि त्यांवर बोंबलांच्या जोड्या, जबड्यात जबडा अडकवून, ओळीने लटकवलेल्या. खाली जमिनीवर जवळा पसरलेला. कावळा, घार, मांजर, कुत्रा, सगळ्यांचा डोळा त्या मालावर, आणि वास असा की आमंत्रण वेगळं द्यायला नको. कुठे जुनं जाळं वरून टाकलेलं असतं, पण खरी मदार बाजूला बसलेल्या मावशीवर. ती मासळी निवडते, शेजारणीशी बोलते, नातवावर ओरडते आणि मधेच बघता बघता काठी आपटते. कावळा उडतो. तो पुन्हा येणार हे तिला माहीत असतं, ती पुन्हा काठी आपटणार हे त्याला माहीत असतं. तिने आयुष्यात कधी कोयोटच्या मूत्राची चौकशी केली नसेल. आणि तिला सवड आहे असंही नाही, हातातलं काम क्षणभर सुटत नाही. तिने फक्त काम आणि राखण एकाच पाटावर मांडलंय. टॉवरमधल्या माणसाची अडचण नेमकी इथे आहे. त्याचं काम बीकेसीला आणि मिरची वर्सोव्याला. घरी आजोबा असतील तर मिरची वाचते. निवृत्त माणसासारखं बुजगावणं नाही, ते खाकरतं आणि वर्तमानपत्राची फडफडही करतं. आजोबा नसतील तर आराम नगरात ऑडिशनच्या रांगेत बसलेली मुलं आहेत. ती दिवसचे दिवस वाट पाहण्यात मुरलेली असतात, आणि बुजगावण्याची भूमिका आजवर कुणी मनापासून केलेली नाही. मोबदल्याचं तेवढं बघावं लागेल, कारण महिनाभराच्या राखणीतून निघणार किती, तर नऊ मिरच्या.

मग सरळ बाजारातूनच का आणू नये, हा शेवटचा आक्षेप. आणावीच. फक्त कोथिंबिरीची जुडी महाग झाली म्हणताना तिच्यात कुणाकुणाच्या रात्री बांधल्यात तेही धरावं : नाशिककडच्या कुणा शेतकऱ्याची जागल, टेम्पोवाल्याची पहाट, आणि शेवटी फुटपाथवर गोणपाट टाकून बसलेल्या भाजीवालीचा अख्खा दिवस. तिच्यासमोर पालकाचा ढीग असतो, हातात पाण्याचा डबा. एका हाताने ती पाणी शिंपडते, दुसऱ्या हातातल्या फडक्याने मोकाट गाईचं तोंड मान न वळवता बाजूला सारते. समोर गिऱ्हाईक उभं असतं, दहा रुपयांच्या कोथिंबिरीवर मिरची फुकट मागणारं. ती त्याच्याशी वाद घालायला मान वर करते आणि डाव्या अंगाने शेळी येऊन मेथीची एक जुडी ओढते.

गिऱ्हाईक बघत असतं. हसतंही.